उकिरड्याची दैना

उकिरड्याची दैना बारा वर्षांनीदेखील फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. जीवशास्त्राच्या इतिहासात एकदा ती जवळजवळ अक्षरशः खरी ठरली. तो उकिरडा म्हणजे यीस्टच्या पेशीतील रिक्तिका. आणि तिची दैना फेडणारे शास्त्रज्ञ म्हणजे जपानचे योशिनोरी ओसुमी.

पाव फुगवणारे यीस्ट ही एकपेशीय बुरशी. तिच्या पेशीत द्रवाने भरलेली एक मोठी पिशवी असते. तीच रिक्तिका. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ती दिसते. पण पेशीतील टाकाऊ माल साठवण्याची जागा, एवढीच तिची ख्याती. साहजिकच तिच्या वाटेला फारसे कोणी जात नसे. ओसुमी नेमके त्यासाठीच तिच्याकडे वळले. गर्दीत शिरून स्पर्धा करणे हा त्यांचा पिंड नव्हता.

त्यांचा जन्म 1945 मध्ये फुकुओका येथे झाला. टोकियो विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेराल्ड एडलमन यांच्याकडे गेले. यीस्टशी त्यांची गाठ तिथेच पडली. 1977 मध्ये ते टोकियोला परतले आणि रिक्तिकेच्या पटलातून कोणते पदार्थ कसे आत-बाहेर जातात, याचा अभ्यास करू लागले. स्वतःची प्रयोगशाळा मिळायला 1988 साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय 43 होते.

आता त्यांनी प्रश्न बदलला. रिक्तिकेत प्रथिने पचवणारी विकरे असतात, हे ठाऊक होते. पण ती पचवतात काय? बेल्जियमचे ख्रिस्तियन द दुव्ह यांनी 1963 मध्ये ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, हा शब्द रूढ केला होता. पेशी आपलाच काही भाग आवरणात गुंडाळून पचवते, हे प्राण्यांच्या पेशींत दिसले होते. मात्र ही क्रिया कोणती जनुके घडवून आणतात, याचा पत्ता नव्हता.

ओसुमींची युक्ती साधी होती. चक्की बंद पडली की दळणाचे डबे दारात साचतात. चालू असताना ते कधी आले नि गेले, कळतही नाही. म्हणून त्यांनी पाचक विकरे नसलेले यीस्ट घेतले आणि त्याचा नायट्रोजन तोडून त्याला उपाशी ठेवले. काही तासांतच रिक्तिका बारीक गोलकांनी भरून गेली. ते आत सारखे वळवळत होते. पेशीद्रवाचे तुकडे पुडीत बांधल्यासारखे आत येत होते, पण पचत नव्हते. रिक्तिकेच्या अभ्यासाला तेव्हा अकरा वर्षे झाली होती!

हे निरीक्षण 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढची पायरी जनुकांची. रसायनाने यीस्टमध्ये उत्परिवर्तने घडवायची आणि ज्यांच्यात गोलक साचत नाहीत अशा पेशी वेचून काढायच्या, हे चिकाटीचे काम विद्यार्थिनी मिकी त्सुकादा यांनी केले. 1993 च्या शोधनिबंधात स्वभक्षणाला आवश्यक अशी पंधरा जनुके नोंदली गेली. ती बिघडलेले यीस्ट एरवी नीट वाढे; उपासमार होताच मात्र लवकर मरे. म्हणजे पोटाला चिमटा बसला की जुने मोडून नवे घडवण्याची ही सोय होती.

1996 पासून ओसुमी ओकाझाकीच्या मूलभूत जीवशास्त्र संस्थेत होते. यीस्टमधील यांतील बऱ्याच जनुकांची भावंडे माणसातही सापडली. 2004 मध्ये असे दिसले की, यांतले एक जनुक नसलेली उंदरांची पिल्ले जन्मल्यावर दिवसभरातच मरतात. नाळ तुटल्यापासून दूध अंगी लागेपर्यंतचा उपासही त्यांना सोसत नाही.

2016 मध्ये ओसुमींना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही एकट्याला. मग आपल्याकडे ‘उपासाला नोबेल मिळाले’ असे निरोप फिरू लागले. यीस्टचा नायट्रोजन तोडणे वेगळे आणि माणसाची एकादशी वेगळी. त्यातून ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हा आपला खाक्या! शिवाय स्वभक्षण सरसकट हितकारकच असते असे नाही. कर्करोगाच्या पेशीही त्याच्या आधारे तग धरतात. पारितोषिक उपासाला नव्हे, पेशीच्या या यंत्रणेचा उलगडा करण्याला होते.

या संशोधनाला कर्करोगाचे किंवा मेंदूच्या विकारांचे नाव जोडले गेले ते मागाहून. सुरुवातीला हाती होते ते फक्त कुतूहल. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न 1988 मध्ये कोणी विचारला असता, तर देण्याजोगे उत्तर नव्हते. म्हणूनच असेल, नोबेलनंतर 2017 मध्ये ओसुमींनी मूलभूत संशोधनाला पैसा पुरवणारी संस्था स्थापन केली. उपयोगाचा दाखला हाती नसलेल्या पुढच्या माणसाची सोय त्यांनी करून ठेवली.