एका रात्रीची सिंड्रेला

१/ ३१ मार्च १९५७, रविवार. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजले आणि सीबीएस वाहिनीवर रिचर्ड रॉजर्स व ऑस्कर हॅमरस्टाइन यांच्या ‘सिंड्रेला’चे थेट प्रक्षेपण सुरू झाले. जाहिराती धरून दीड तासात ते संपले. वाहिनीच्या अंदाजानुसार तेवढ्या अवधीत १० कोटी ७० लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या १७ कोटींच्या आसपास होती.

हा थ्रेड त्या रात्रीविषयी थोडा आणि पुढच्या ५६ वर्षांविषयी अधिक आहे.

२/ रंगभूमीवरचे नाटक पडद्यावर जाणे ही नित्याची गोष्ट. मार्च १९५५ मध्ये एनबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीने मेरी मार्टिनचे ‘पीटर पॅन’ ब्रॉडवेवरून उचलून घरोघरी पोहोचवले आणि मोठे यश मिळवले. सीबीएसला त्याचे उत्तर हवे होते. ‘ओक्लाहोमा!’ आणि ‘साउथ पॅसिफिक’ लिहिणाऱ्या जोडीला त्यांनी गाठले. मात्र या वेळी तयार नाटक नव्हते. संहिता, गीते, संगीत सारे थेट पडद्यासाठीच लिहायचे होते. या जोडीने दूरचित्रवाणीसाठी लिहिलेली ही एकमेव संगीत सुखात्मिका.

३/ नायिका ज्युली अँड्र्यूज तेव्हा ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’ गाजवत होती. (आपल्याकडे ‘ती फुलराणी’मुळे घरची झालेली गोष्ट, तिचाच हा संगीत अवतार.) हॅमरस्टाइन यांनी मूळ कथेला फारसा हात लावला नाही. सावत्र बहिणी मात्र दुष्ट न ठेवता हास्यास्पद केल्या. के बॅलर्ड आणि अ‍ॅलिस गोस्टली या दोन विनोदी अभिनेत्रींकडे ती कामे दिली आणि परीकथेची सुखात्मिका झाली.

४/ एक तपशील मला फार आवडतो. त्या काळी ब्रॉडवेवरचे नवे नाटक न्यूयॉर्कला येण्याआधी न्यू हेवन, बॉस्टन अशा शहरांत प्रयोग करून पारखून घेत. इथे प्रयोग एकच, तोही थेट. मग या मंडळींनी स्टुडिओतच दोन रंगीत तालमी चित्रित करून घेतल्या आणि त्यांना नावे दिली ‘न्यू हेवन’ आणि ‘बॉस्टन’. ज्या स्टुडिओत हे चालले होते, तोही ८१ व्या रस्त्यावरच्या एका जुन्या नाट्यगृहात उभारलेला होता. माध्यम नवे असले तरी माणसांची सवय नाटकाचीच होती.

५/ तरीही लेखन पडद्याचेच होते. जाहिरातींसाठी सहा अंक पाडलेले, जाहिराती वगळता कसाबसा सव्वा तासाचा ऐवज. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून नायिका आपली स्वप्नरंजने गाते, ते गाणे कॅमेरा चेहऱ्याजवळ नेण्यासाठीच जणू बांधलेले. राखेतल्या मुलीची राजकन्या होते तो क्षणही सोपा, कारण प्रेक्षकाने कुठे पाहायचे हे कॅमेरा ठरवतो. चौकटीबाहेर काय चालले आहे ते प्रेक्षकाला दिसत नाही.

६/ आता तीच संहिता रंगभूमीवर न्यायची झाली तर? पहिली अडचण वेळेची. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला सव्वा तासात घरी पाठवता येत नाही, म्हणजे जवळजवळ तेवढाच नवा मजकूर हवा. दुसरी अडचण अंतराची. चेहऱ्याजवळ नेणारा कॅमेरा नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कोपऱ्यातली ती मुलगी ठिपक्याएवढी दिसते. तिसरी त्या जादूची. रंगमंचावर सारेच चौकटीत असते.

माझ्या मते या तिन्हींत पहिली अडचण खरी इतिहासाची. रिकामा वेळ प्रत्येक रूपांतरकाराला भरावाच लागतो, आणि तो कशाने भरला यावरून त्याच्या काळाचा व त्याच्या रंगभूमीचा पत्ता लागतो.

७/ पहिला पत्ता लंडनचा. डिसेंबर १९५८ मध्ये हॅरल्ड फील्डिंग या निर्मात्याने ‘सिंड्रेला’ दोन हजारांहून अधिक आसनांच्या कोलिझियम नाट्यगृहात आणली, ती ‘पँटोमाइम’ म्हणून. हा शब्द ऐकून मूकनाट्य डोळ्यांसमोर आणू नये. ब्रिटनमध्ये पँटोमाइम म्हणजे नाताळच्या दिवसांत सहकुटुंब पाहायचा गाण्यांचा, आरडाओरड्याचा खेळ. प्रेक्षक नटांना ओरडून उत्तरे देतात. त्याचे संकेत पक्के. सिंड्रेलाच्या कुरूप बहिणी पुरुषांनीच करायच्या. शिवाय तिच्यावर मूक प्रेम करणारा ‘बटन्स’ नावाचा नोकर हवाच. तो मूळ फ्रेंच कथेत नाही, अमेरिकन संहितेत तर नाहीच नाही.

८/ लंडनच्या संहितेत तो आला. ब्रिटनचा पहिला रॉक अँड रोल तारा मानला जाणारा टॉमी स्टील बटन्स झाला. बहिणींपैकी एक केनेथ विल्यम्स, राजा म्हणून भरघोस मिशांचे विनोदी नट जिमी एडवर्ड्स. वेळ भरायला रॉजर्स-हॅमरस्टाइन यांच्याच ‘मी अँड ज्युलिएट’ या ब्रॉडवेवर फारशा न चाललेल्या नाटकातली गाणी घेतली.

स्त्रीपार्टाची थोर परंपरा लाभलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. पण फरक लक्षात घ्यावा. बालगंधर्व स्त्री ‘झाले’ की प्रेक्षक पुरुष विसरत असे. पँटोमाइममध्ये पुरुष क्षणभरही विसरला जाऊ नये, हीच गंमत. १९५७ ची सौम्य अमेरिकन सुखात्मिका पावणेदोन वर्षांत शंभर टक्के इंग्रजी झाली, आणि तेही लेखकद्वय हयात असताना.

९/ अमेरिकेतही १९६१ पासून तिचे प्रयोग ठिकठिकाणी होऊ लागले. १९६५ मध्ये सीबीएसने आणि १९९७ मध्ये एबीसीने (ब्रँडी आणि व्हिटनी ह्यूस्टन यांना घेऊन) ती नव्याने चित्रित केली. न्यूयॉर्क सिटी ऑपेरानेही ती केली. ब्रॉडवे मात्र दूरच राहिले. हॅमरस्टाइन १९६० मध्ये गेले, रॉजर्स १९७९ मध्ये.

१०/ ३ मार्च २०१३ रोजी ती अखेर ब्रॉडवेवर आली. नवी संहिता डग्लस कार्टर बीन यांची. त्यांनी वेळ भरला तो राजकारणाने. राजपुत्र अनाथ, त्याच्या नावाने कारभार पाहणारा सेबॅस्टियन रयतेच्या जमिनी बळकावतो आहे आणि राजपुत्राला त्याची गंधवार्ता नाही. जाँ-मिशेल हा तरुण क्रांतीची भाषणे देतो आणि दोघींपैकी एक सावत्र बहीण त्याच्या प्रेमात आहे. एला राजपुत्राला प्रजेकडे पाहायला शिकवते. जुन्या संगीतातही भर पडली, तीही या जोडीच्याच अडगळीतून. ‘साउथ पॅसिफिक’मधून वगळलेले एक गाणे इथे क्रांतिकारकाच्या तोंडी आले.

११/ स्पष्ट सांगायचे तर हे राजकारण मला ठिगळासारखे वाटते. सेबॅस्टियनच्या कारस्थानात धार नाही आणि शेवटी सारे फार सहज मिटते.

पण एका बदलासाठी बीन यांना मानले पाहिजे. शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या कथेत मेजवान्या दोन आहेत. १९५७ च्या सव्वा तासात एकच मावली होती. बीन यांनी दुसरी परत आणली. पहिल्या रात्री एलाच्या पायातली काचेची चप्पल निसटते, पण ती मागे वळून उचलते आणि पळून जाते! मध्यंतर. दुसऱ्या वेळी ती चप्पल स्वतः काढून पायरीवर ठेवून जाते. तीन शतके अपघात असलेली गोष्ट नायिकेचा निर्णय झाली. वेळेची अडचण नसती तर दुसरी मेजवानी शोधायची गरज कोणाला पडली असती?

१२/ नाटक जानेवारी २०१५ पर्यंत चालले, ७७० प्रयोग. नाट्यगृह सुमारे १,७६० आसनांचे. सगळे प्रयोग ‘हाऊसफुल्ल’ धरले तरी प्रेक्षक साडेतेरा लाखांच्या आसपास भरतात. त्या एका रात्रीच्या प्रेक्षकांच्या सव्वा-दीड टक्का.

१३/ आणि ती रात्र? प्रक्षेपण रंगीत होते, पण रंग साठवायची सोय हाताशी नव्हती. उरले ते किनेस्कोप, म्हणजे पडद्यावरचे चित्र फिल्म कॅमेऱ्याने टिपून केलेली कृष्णधवल प्रत. २००४ मध्ये ती लोकांसाठी प्रसिद्ध झाली. तिच्यात ज्युली अँड्र्यूजचा राजवाड्यातला पोशाख करडा दिसतो.

२०१३ मध्ये विल्यम आयव्ही लाँग यांनी त्या तिसऱ्या अडचणीवर उत्तर शिवले. लॉरा ऑस्नेस भर रंगमंचावर, साऱ्यांच्या डोळ्यांदेखत, अंगावरच्या चिंध्यांनिशी गिरकी घेते आणि काही क्षणांत पांढऱ्या झग्यात उभी राहते. पडदा पडत नाही, दिवेही जात नाहीत. लाँग यांना त्या वर्षीचे वेशभूषेचे टोनी पारितोषिक मिळाले.