पगार पेशव्यांचा, हुकूम कोणाचा?

परक्या देशाच्या पोलिसांना आणि सुरक्षा दलांना कंत्राटावर शिकवणारे प्रशिक्षक, असा विषय सुचला की आपल्यापैकी बरेच जण थेट इराककडे वळतात. 2003 नंतर डाइनकॉर्पसारख्या खासगी अमेरिकी कंपनीने निवृत्त पोलीस कंत्राटावर तिथे पाठवले, हे खरंच आहे. पण तुम्ही समजा शिरूर तालुक्यातल्या निमोण्याचे असाल, तर याच प्रश्नाचा दोनशे वर्षांपूर्वीचा नमुना तुमच्या तालुक्याच्या गावापासून सुरू होतो.

आधी एक घोळ सोडवू. 1817 साली पुण्याच्या आसपास कवायती फौज म्हणजे एकच फौज नव्हती. पहिली तैनाती फौज. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाने ती आली, तिच्या खर्चासाठी दुसऱ्या बाजीरावाने 26 लाखांचा मुलूख तोडून दिला आणि तिची मोठी छावणी शिरूरला, घोडनदीकाठी पडली. ही फौज सरळसरळ कंपनीची. दुसरी दापोडीची ब्रिगेड. ती पेशव्यांच्या नोकरीत, पगार पेशव्यांचा. पण शिकवणारे आणि हुकूम देणारे इंग्रज अधिकारी, त्यांचा प्रमुख जॉन फोर्ड. आपल्या विषयाला जवळची आहे ती ही दुसरी. वाचताना या दोन्ही एकच समजलात, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

आता कसोटीचा दिवस बघा. 5 नोव्हेंबर 1817, खडकीची लढाई. पेशव्यांच्या पगारावरची ही ब्रिगेड दापोडीहून निघाली आणि इंग्रजांच्या रांगेला जाऊन मिळाली. पेशव्यांकडून मोर दीक्षित लढत होते. त्यांची आणि फोर्डची चांगली मैत्री होती. दोघांपैकी जो जिंकेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाला सांभाळायचं, असं त्यांच्यात ठरलं होतं, असं ग्रँट डफ लिहितो. मोर दीक्षित त्या दिवशी पडले, आणि तेही फोर्डच्याच पलटणीच्या तोफेने, असं तोच सांगतो. वाचताना गलबलतं. पण संशोधक म्हणून इथे थांबा. ग्रँट डफ एल्फिन्स्टनच्या हाताखालचा अधिकारी, त्याचा इतिहास आला 1826 ला. मैत्रीची गोष्ट मनाला चटका लावते आणि त्या नादात पगाराचा प्रश्न मागे पडतो. तो आपण पुढे आणायचा.

फोर्ड फितूर झाला, असं म्हणून विषय मिटवता येतो का? मला वाटतं, नाही. तुलनेला उत्तरेत चला. 1784 मध्ये सॅव्हॉयचा बेन्वा द बॉइन महादजी शिंद्यांच्या नोकरीत आला. त्याने उभ्या केलेल्या पलटणींनी 1790 मध्ये पाटण आणि मेडता जिंकलं. पगार वेळेवर मिळावा म्हणून त्याला दोआबातला मुलूख लावून दिला होता. पुढे तो भरपूर पैसा गाठीला बांधून युरोपात परतला आणि जागा पेराँकडे गेली. 1803 ला इंग्रजांशी युद्ध लागलं, तेव्हा वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांकडच्या इंग्रज अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं. बरेच गेले. पेराँने तर सप्टेंबरमध्ये शत्रूचाच आश्रय घेतला. मात्र त्याच महिन्यात, 23 तारखेला, असईला शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले.

म्हणजे काय, तर उत्तरेत शिकवणारे गेले, शिकलेले राहिले. दापोडीला दोघेही गेले. हा फरक स्वभावाचा म्हणून सोडून देऊ नका. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती: शिपायाला कवायत शिकवली गेली, पण पलटण चालवण्याच्या वरच्या जागा बहुतेक परक्यांच्याच हातात राहिल्या. शिकवणारा उठून गेला की हुकूम द्यायला माणूस उरत नव्हता. दापोडीत तर ज्यांच्या विरुद्ध लढायचं, त्यांचेच लोक त्या जागांवर बसले होते. बाजीरावाने कवायत विकत घेतली, अधिकार त्याच्या हाती आला नाही.

तुमचा आराखडा लिहिताना प्रशिक्षणाच्या कुठल्याही करारापुढे हे चार प्रश्न ठेवा. पैसा कुणाच्या तिजोरीतून निघतो? प्रशिक्षकाला काढून टाकायचा हक्क कुणाला? शिकलेला माणूस वर कुठल्या पदापर्यंत चढू शकतो? आणि मालकाचं व प्रशिक्षकाच्या देशाचं भांडण झालं तर काय, याबद्दल कागदावर काय लिहिलंय? इराकलाही हे प्रश्न लावून बघा. तिथे प्रशिक्षकांचा पैसा इराकच्या नव्हे, अमेरिकी सरकारच्या तिजोरीतून येत होता, म्हणजे पहिल्याच प्रश्नाला दापोडीच्या उलट उत्तर मिळतं. तुलना करायची ती अशा जागी.

साधनांचं म्हणाल तर पूना रेसिडेन्सी कॉरस्पॉन्डन्सचे छापील खंड आधी चाळा, मग पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे वळा. लढाईच्या वर्णनांपेक्षा पगाराचे आणि नेमणुकीचे कागद आधी मागा. ते वाचायला रुक्ष असतात, पण नोकरी कुणाची होती हे तिथेच कळतं.