शेल-भाषेतील यादी आणि शब्दसीमेचा प्रश्न

युनिक्स प्रणालीत टंकलिखित आज्ञा वाचून त्या पार पाडणाऱ्या दुभाष्यास ‘शेल’ म्हणतात. स्टीफन बॉर्न यांनी बेल प्रयोगशाळेत रचलेला शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसृत झाला. त्याच्या चलांत मूल्याचा प्रकार एकच : अक्षरांची माळ. अनेक मूल्ये साठवावयाची तर ती एका माळेत ओवावी आणि विभाजकांवरून पुन्हा सुटी करावी, अशी रीत पडली. हे विभाजक ‘आयएफएस’ नावाचा चल ठरवितो. मुळात ते मोकळी जागा, टॅब व नवी ओळ असे तीन होत.

दोषाचे मूळ येथेच आहे. फाइलच्या नावात तिरकी रेघ व शून्य-बाइट यांवाचून कोणतेही चिन्ह येऊ शकते. ‘वार्षिक अहवाल’ हे नाव चलात ठेवून तो चल अवतरणचिन्हांविना वापरला, की एका नावाची दोन होतात. आज्ञा पुसून टाकण्याची असल्यास ‘अहवाल’ नावाची भलतीच फाइल नष्ट होते. विभाजक बदलल्याने हे संकट टळत नाही, केवळ स्थलांतर करते. आणि एकमेव निर्धोक असा शून्य-बाइट शेलच्या चलात मावतच नाही.

डेव्हिड कॉर्न यांच्या १९८३ च्या शेलने क्रमांकित यादीची सोय केली; १९८९ च्या बॅशला ती १९९६ साली दुसऱ्या आवृत्तीत लाभली. तथापि १९९२ च्या पॉझिक्स मानकाने ती स्वीकारली नाही. परिणामी २००६ साली उबुंटूने मुख्य शेल म्हणून ‘डॅश’ योजताच बॅशवर विसंबलेल्या कित्येक आज्ञावल्या अडखळल्या.

सर्वत्र चालणारी खरी यादी मात्र बॉर्न यांच्या शेलमध्ये आरंभापासूनच होती. ती म्हणजे आज्ञावलीस दिलेल्या मूल्यांची क्रमवार मालिका. अवतरणांतील "$*" ही मूल्ये एकात सांधते. "$@" प्रत्येकाची सीमा अभंग राखते. ‘सेट --’ या आज्ञेने ही मालिका नव्याने रचता येते. एका वेळी अशी एकच यादी उपलब्ध असते, ही तिची मर्यादा खरी. परंतु प्रत्येक फंक्शनला स्वतंत्र मालिका मिळत असल्याने ती बरीच सुसह्य होते.

सारांश, प्रश्न विभाजकाच्या निवडीचा नव्हे. सीमा एकदा पुसली गेली की उरलेल्या चिन्हांवरून तिचा केवळ तर्क करता येतो. यास्तव ती प्रथमपासून जपणे हाच मार्ग होय.