माळ्यावरचा संगणक : परभणीच्या बाजारातून आलेला एक विसरलेला इतिहास

१/ भारतात घरगुती संगणक दोन दारांनी आला. एक दार सरकारचे होते, दुसरे बाजाराचे. पहिल्या दाराचा इतिहास अहवालांत नोंदला गेला. दुसऱ्याचा इतिहास परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड अशा गावांत घरांच्या माळ्यावर पडून आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत थोडा थोडा भंगारात जातो आहे. आजचा धागा त्या दुसऱ्या दाराविषयी.

२/ आधी संज्ञा स्पष्ट करू. १९८० च्या दशकात ‘घरगुती संगणक’ म्हणजे कीबोर्डच्याच खोक्यात बसवलेले छोटे यंत्र. त्याला स्वतःचा पडदा नसे. ते घरच्या टीव्हीला जोडावे लागे. सुरू करताच बेसिक या भाषेत आज्ञा लिहिता येत आणि कॅसेट किंवा कार्ट्रिज लावून खेळही खेळता येत. झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२), कमोडोर ६४ (१९८२) आणि बीबीसी मायक्रो (१९८१) ही त्यांतील गाजलेली नावे. जगभरचे हौशी लोक आज हीच यंत्रे शोधून, दुरुस्त करून पुन्हा त्यांवर खेळतात.

३/ अशा यंत्राची पहिली अट टीव्ही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण मराठवाड्यासारख्या दूरच्या भागापर्यंत चित्र पोहोचायला आणखी काळ जावा लागला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ पासून देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. त्यामुळे १९८० चे दशक संपेपर्यंत जिल्ह्याच्या गावांत टीव्ही ही परिचित वस्तू झाली. संगणकाचा पडदा घरात आधी आला. संगणक मागाहून यायचा होता.

४/ आता सरकारी दार. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने शालेय संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला. आरंभी देशातील सुमारे २५० शाळा त्यात होत्या. यंत्र निवडले गेले ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे, बीबीसी मायक्रो. त्याचा प्रोसेसर ६५०२, वेग २ मेगाहर्ट्झ आणि मॉडेल बी ची स्मृती ३२ किलोबाइट. याच यंत्रावर १९८४ मध्ये ‘एलिट’ हा अंतराळ-व्यापाराचा खेळ आला. आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह एवढा पसारा त्याच्या लेखकांनी त्या तुटपुंज्या स्मृतीत बसवला होता.

५/ नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण जाहीर झाले आणि आयातीचे नियम सैल झाले. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने स्पेक्ट्रम+ परवान्यानुसार बाजारात आणला. त्याचे खेळ साध्या ध्वनिफितीवर येत. टेपरेकॉर्डरमधून किर्र आवाज काढत एक खेळ चढायला चार-पाच मिनिटे लागत, आणि मध्येच चूक झाली तर फीत गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आज संग्राहक तो आवाजही जपून ठेवतात.

६/ पण २५० शाळा म्हणजे एवढ्या मोठ्या देशात किती? स्पेक्ट्रमही मुख्यतः मोठ्या शहरांतल्या सुस्थित घरांपुरता राहिला. कापूस आणि ज्वारीच्या भावावर वर्षाचे गणित मांडणाऱ्या जिल्ह्यात ही यंत्रे सामान्य घराच्या आवाक्यात नव्हती. बहुतेक मुलांच्या हाताखाली कीबोर्ड आला तो निराळ्या वाटेने. त्यासाठी आपल्याला काही क्षण जपानला जावे लागेल.

७/ १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोने जपानमध्ये एक खेळयंत्र विक्रीस आणले. नाव होते ‘फॅमिली कॉम्प्युटर’, संक्षेपाने फॅमिकॉम. नावातच संगणक होता आणि जून १९८४ मध्ये त्यासाठी कीबोर्ड व ‘फॅमिली बेसिक’ही आले. म्हणजे खेळयंत्राला कीबोर्ड जोडून त्याचा घरगुती संगणक करण्याची कल्पना मूळ निर्मात्याचीच. पुढे आशियातील असंख्य कारखान्यांनी ती उचलली.

८/ इथे या कथेतला सर्वांत रंजक धागा सापडतो. ६५०२ हा प्रोसेसर अमेरिकेच्या मॉस टेक्नॉलॉजीने १९७५ मध्ये अवघ्या २५ डॉलरना विकायला काढला. स्पर्धकांचे प्रोसेसर तेव्हा कित्येक पटींनी महाग होते. तो ॲपल-२ मध्ये गेला, बीबीसी मायक्रोत गेला. त्याचाच भाऊबंद कमोडोर ६४ मध्ये गेला. फॅमिकॉममधील रिको कंपनीच्या चिपचा गाभाही तोच होता. दिल्लीने शाळांसाठी निवडलेले यंत्र आणि पुढे परभणीच्या बाजारात ‘गेम’ म्हणून विकले गेलेले यंत्र, ही एकाच कुळातली.

९/ फॅमिकॉमच्या नकला तैवान व चीनमध्ये प्रचंड प्रमाणात तयार झाल्या. कालांतराने प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप ही दोन्ही एकाच तुकड्यात मावू लागली. जुने यंत्र उघडल्यावर हिरव्या पट्टीवर जो काळा डांबरासारखा थेंब दिसतो, त्याखाली हे सगळे दडलेले असते. त्यामुळे किंमत इतकी उतरली की पुढे ही वस्तू काही शे रुपयांत मिळू लागली.

१०/ चीनमध्ये सुबोर कंपनीने १९९० च्या दशकात कीबोर्ड असलेले ‘अभ्यासयंत्र’ लोकप्रिय केले. जाहिरातीत खुद्द जॅकी चॅन होता. त्या काळी कंपनीची धुरा वाहणारे दुआन योंगपिंग यांनी १९९५ मध्ये बीबीके ही कंपनी काढली. ओप्पो आणि विवो ही त्याच वंशावळीतली नावे. हा धागा तुम्ही त्यांपैकी एखाद्या फोनवर वाचत असाल, तर या इतिहासाचे एक टोक तुमच्या हातातच आहे.

११/ भारतात या नकला ‘मीडिया’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी आल्या. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही त्या महानगरांतील घाऊक बाजारांतून जिल्ह्याच्या गावांपर्यंत उतरत गेल्या. तेव्हाचा परभणी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता; हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. कार्ट्रिजला आपल्याकडे कुणी कार्ट्रिज म्हटले नाही. ती ‘कॅसेट’च राहिली. ‘बॅटल सिटी’ला सगळे ‘टँक’ म्हणत, आणि ‘मारिओ’ व ‘कॉन्ट्रा’ ही नावे घरातल्या आजीलाही पाठ झाली.

१२/ त्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात आत मोजकेच खेळ असत. तोच खेळ वेगळ्या टप्प्यापासून सुरू करून किंवा थोडा बदलून यादीत पुन्हा पुन्हा दाखवलेला असे. आज या याद्या अभ्यासकांच्या कामाच्या आहेत: कोणत्या कारखान्याने कोणता खेळ कुठून उचलला, नाव कसे बदलले, पडद्यावरून मूळ कंपनीचे नाव कसे पुसले, याचा माग त्यांतून लागतो.

१३/ हे लपवण्याचे कारण नाही: त्यांतील बहुतेक खेळ विनापरवाना उतरवलेले होते. यंत्रावरची पेटंटे काळाच्या ओघात संपली, खेळांवरचा स्वामित्वहक्क मात्र संपलेला नाही. इतिहासकाराने ही बाब स्पष्ट नोंदवावी आणि मग पुढचा प्रश्न विचारावा: ज्या गावांत अधिकृत दुकान नव्हते आणि अधिकृत किंमत परवडणारी नव्हती, तिथे या यंत्रांनी लोकांना काय दिले?

१४/ उत्तराचा एक भाग कीबोर्डवाल्या यंत्रात आहे. त्यासोबत इंग्रजी टंकलेखनाचा सराव, बेरीज-वजाबाकीचे खेळ आणि बहुधा बेसिकची एक आवृत्ती येई. मुलांच्या दृष्टीने तो गेम होता, पालकांच्या दृष्टीने ‘अभ्यासाचा कॉम्प्युटर’. या दुहेरी ओळखीमुळेच तो घरात येऊ शकला. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ नंतर राज्यभर पसरला. त्या वर्गात बसण्याआधीच कीबोर्डवरची अक्षरे ओळखणारी काही मुले तिथे पोहोचली, ती याच खेळण्यामुळे.

१५/ मर्यादाही मोठ्या होत्या. मूळ फॅमिली बेसिकच्या पहिल्या आवृत्तीत प्रोग्रामसाठी जेमतेम २ किलोबाइट जागा होती. जपानी यंत्राला टेपरेकॉर्डर जोडून प्रोग्राम साठवता येई. स्वस्त नकलांमध्ये ती सोय बहुधा नसे. वीज गेली की लिहिलेले सारे गेले. मराठवाड्यातील भारनियमनाच्या काळात याचा अर्थ काय, हे निराळे सांगायला नको. बेसिक शिकायचे असेल तर प्रोग्राम वहीत लिहून ठेवणे हाच उपाय होता. अशी एखादी वही आज मिळाली, तर ती यंत्राहूनही मोलाची ठरेल.

१६/ बाहेरच्या जगाचे लक्ष या यंत्राकडे गेले तेही मासलेवाईक. २००८ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत भरलेल्या एका परिषदेत काही तरुण संशोधकांनी मांडले की भारतात विकले जाणारे हे टीव्ही-संगणक सुमारे १२ डॉलरचे आहेत. त्यांच्यासाठी चांगले शैक्षणिक खेळ लिहिले तर गरीब घरांतही संगणक-शिक्षण पोहोचेल. त्यातून ‘प्लेपॉवर’ हा उपक्रम उभा राहिला. १९७५ च्या चिपकडे लोक पुन्हा भविष्य म्हणून पाहू लागले. मग स्वस्त मोबाइल आले आणि तो प्रवाह वळला.

१७/ आता मूळ मुद्दा. बीबीसी मायक्रो ब्रिटनच्या संग्रहालयांत सन्मानाने ठेवलेला आहे. त्याची पुस्तके, पत्रव्यवहार, जाहिराती सर्व जपले गेले. आपल्या बाजारातील यंत्राला नीट नाव नाही, निर्मात्याचा पत्ता नाही, पावती तर क्वचितच. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. जिथे निर्मात्यांची नावे ठाऊक आहेत तिथली ही अवस्था. बिननावाच्या यंत्रांचे काय होत असेल, याचा अंदाज करा.

१८/ ‘खेळ तर मोबाइलवरही चालतात, मग जुने खोके कशाला?’ असे कुणी विचारील. याचे उत्तर ‘डक हंट’मध्ये आहे. बंदुकीचा घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो टिपतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर प्रकाशाचा ठिपका ठरल्या क्षणी ठरल्या जागी पडतो, म्हणून नेम लागतो. आजच्या सपाट पडद्यावर चित्र काहीसे उशिरा उमटते आणि त्याची चमकही वेगळी असते, म्हणून ती बंदूक निकामी ठरते. टीव्ही भंगारात गेला की खेळाचा अर्धा भाग त्याच्याबरोबर जातो.

१९/ जपणूक करू इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी:
• कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. तोंडातील ओलाव्याने धातूचे दात गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने हलके पुसा.
• मिळेल तो ॲडॉप्टर लावू नका. व्होल्ट आणि धन-ऋण बाजू आधी पडताळा.
• काचेचा टीव्ही स्वतः उघडू नका. बंद असतानाही आत घातक विद्युतदाब राहू शकतो. ते काम जाणत्या मेकॅनिकचे.
• खोके, माहितीपत्रक, दुकानाचा शिक्का टाकून देऊ नका. आधी छायाचित्र घ्या.

२०/ आणि सर्वांत महत्त्वाचे: माणसांना विचारा. कोणत्या साली घेतला, कोणत्या दुकानातून, किती रुपयांना, घरात कुणाचा विरोध होता, बहिणीला खेळू देत होते की नाही, दुरुस्ती कोण करी. मोंढ्यातला किंवा स्टेशन रोडवरचा जो मेकॅनिक तेव्हा ही यंत्रे दुरुस्त करत असे, तो आज पन्नाशी-साठीत असेल. त्याच्या आठवणीत जो इतिहास आहे, तो कोणत्याही अभिलेखागारात नाही. त्याची संमती घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करा. तारीख आणि गाव लिहून ठेवा.

२१/ मध्ययुगीन इतिहासासाठी आपण शिलालेख, बखरी आणि नाणी शोधतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठवाड्यातील सामान्य घरात संगणक कसा आला, हे उद्या कुणी विचारले तर साधन म्हणून काय दाखवायचे? पिवळट पडलेला एक कीबोर्ड, जॉयस्टिकची तुटकी जोडी आणि ‘९९९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट. तुमच्या माळ्यावर त्यांपैकी काही असेल, तर या वर्षी साफसफाईत ते खाली काढा, पुसा, छायाचित्र काढा आणि त्यामागची हकीकत खाली लिहा. आपल्या जिल्ह्याची नोंद तिथून सुरू करू.