आधी काडतूस, मग बंदूक

बी.ए. करताना मी एनसीसीत होतो. पॉइंट टू-टू रायफल घेऊन चांदमारीला गेलो, पहिल्यांदाच चाप ओढला आणि नुसता 'टिक' असा आवाज आला. मी घाईनं बोल्टला हात घातला, तोच आमचे उस्ताद कडाडले, "हात काढ! नळी समोरच राहू दे आणि तीसपर्यंत मोज." दारू कधी कधी उशिरा पेटते, हे मला कुठं माहीत!

तीस मोजून झाल्यावर त्यांनी बोल्ट उघडला, काडतूस तळहातावर घेतलं आणि त्याची कड निरखून पाहिली. या जातीच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. "घाव खोल बसलाय. म्हणजे बंदुकीनं आपलं काम केलं. काडतूसच मेलेलं आहे." घाव फिका असता तर? मग स्प्रिंग थकलेली असेल, किंवा नळीच्या मागं काडतूस बसायची जी जागा असते, म्हणजे चेंबर, तिथं घाण साचून काडतूस पुरतं बसलंच नसेल. उडालेला खोखा बाहेर निघत नसेल तर त्याच्या अंगावरचे ओरखडे बघायचे. ते गंजलेल्या, खडबडीत चेंबरची चुगली करतात. उस्तादांचा क्रम ठरलेला होता. आधी काडतूस, मग चेंबर, मग बंदूक आणि सगळ्यात शेवटी शिपाई.

पुढं १८५७ बद्दल वाचताना हा क्रम मला सारखा आठवत राहिला. काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी होती, हे आपण शाळेतच शिकतो. आमच्या घरी एकीची शिसारी, शेजारच्या घरी दुसरीची. त्यामुळं ती गोष्ट दोन्ही घरांत नीट समजते. पण मुळात चरबी लागत कशाला होती, हे मात्र कुणी सांगत नाही.

एन्फिल्ड रायफलीच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि शिशाच्या गोळीचा ०.५६८ इंच. मधली फट जेमतेम पाव मिलिमीटरची, आणि तिच्यात काडतुसाचा कागदही मावायचा. गोळी तोंडाकडून गजानं ठासायची. काळ्या दारूची काजळी चार-दोन बारांतच नळीत साचायची, आणि दमट हवेत कागद फुगला की गोळी खाली उतरेना. ती घसरावी म्हणून गोळीकडचं टोक चरबीत बुडवलेलं असे. दातानं तोडायचं ते दुसरं टोक, दारूकडचं. पण चरबीचा हात आणि चरबीचा गठ्ठा तोंडाजवळ यायचाच. आणि ती चरबी कुठल्या जनावराची आहे, हे कुणी कटाक्षानं पाहिलेलं नव्हतं.

थोडक्यात, दोष काडतुसाच्या मापात होता. नळीत न जमणारी गोळी जमवून घ्यायला चरबी आणली गेली होती.

सरकारनं मग मलमपट्ट्या केल्या. शिपायांनी आपलं तूप-मेण आपणच लावावं, काडतूस दाताऐवजी बोटांनी फाडावं. पण तोवर शिपायांना कागदाच्या चकाकीतही चरबी दिसू लागली होती. २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठला नव्वदपैकी पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसं नाकारली, ती तर जुनीच, बिनचरबीची होती. त्यांना सक्तमजुरी झाली. ९ मे रोजी भर कवायतीत बेड्या ठोकल्या गेल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटलं. माप तपासायच्या आधीच शिपायाला शिक्षा झालेली होती.

मुंबईतही त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया यांना एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी दिलं गेलं. त्यांच्यावरचा आरोप दिवाळीत उठाव करण्याच्या कटाचा होता, काडतुसाचा नव्हे. तरी हार्बर लाइननं सीएसएमटीला उतरून आझाद मैदानाकडं वळलो की ती दोन नावं मला जोडीनंच आठवतात.

आणि माप? ते बदललं १८५९ साली. उठावाच्या लढायांत खुद्द गोऱ्या शिपायांनाच गोळी ठासणं जड गेलं होतं. गोळीचा व्यास ०.५५० इंचांवर आणला, चरबीऐवजी मधमाशीचं मेण आलं, आणि काम भागलं. अठरा हजारांश इंचाची गोष्ट! देशी पलटणींना मात्र नवी गोळी देण्याऐवजी आटे नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. नेम कमी, पल्ला कमी. रोग काडतुसाला, कात्री शिपायाला.

मागून भरायच्या बंदुका आल्यावर चेंबरचं युग सुरू झालं. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, त्याच काळातला. १८८० साली मैवंदला मुंबई फौजेच्या देशी पलटणींकडं स्नायडर होत्या, बरोबरच्या गोऱ्या पलटणीकडं पुढची मार्टिनी-हेन्री. पण ती तरी कुठं निर्दोष होती? तिच्या काडतुसाची खोळ पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली, बुडाला लोखंडी चकती. चेंबर तापलं की पितळ भिंतीला चिकटे आणि आकड्यानं ओढलं की नुसतं बूड हातात येई. १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानमध्ये अबू क्लीच्या लढाईत ऐन गर्दीत बंदुका अडकल्या. या खेपेला बंदूक धरणारे हात गोरे होते. चौकशी काडतुसापर्यंत पोचली आणि एकसंध पितळेची, ओढून घडवलेली खोळ सगळीकडं आली. पुढं आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं जी थ्री-नॉट-थ्री दिसली, तिची काडतुसं याच जातीची.

नेरूळच्या खाऱ्या हवेत माझ्या दाराची कडी दर पावसाळ्यात अडते आणि मी किल्लीला शिव्या घालतो. उस्ताद असते तर त्यांनी आधी भोक फुंकून बघायला लावलं असतं. त्या दिवशी चांदमारीवर त्यांनी ते मेलेलं काडतूस वेगळ्या डबीत ठेवलं आणि खोक्यावरचा लॉट नंबर वहीत उतरवून घेतला. माझं नाव लिहिलं नाही. नवं काडतूस हातावर ठेवत म्हणाले, "चल, पुन्हा झोप. नेम धर."