इंदू, ऑर्वो आणि आमचे चेहरे

भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला स्वस्त मालाविषयी कुणी शिकवायला नको. सुताचा भाव उतरलेला दिसला, तरी तो आधी विचारतो, ‘तुटतं किती?’ मागावर सारखं तुटणारं सूत घेतलं, तर वाचलेले पैसे गाठी मारण्यात आणि माग थांबण्यात निघून जातात. एके काळी आमच्याकडच्या फोटो स्टुडिओंपुढेही हाच प्रश्न असे. नावाजलेल्या कंपनीचा महाग रोल घ्यायचा, की ‘इंदू’ नाहीतर ‘ऑर्वो’वर भागवायचं?

ही दोन्ही नावं आता विस्मरणात गेली आहेत. परकीय चलनाची चणचण होती, त्या काळात परदेशी फिल्म मुबलक मिळत नसे. म्हणून केंद्र सरकारने १९६० साली उटीला ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ हा कारखाना उभा केला. फ्रेंच सहकार्याने १९६७ मध्ये उत्पादन सुरू झालं. मालाचं नाव ठेवलं ‘इंदू’, म्हणजे चंद्र. फिल्मवरचं चित्र चांदीच्या क्षारांतून उमटतं, हे लक्षात घेतलं, तर नाव ठेवणारा सरकारी माणूस मनातून कवी असावा, असं मला नेहमी वाटतं.

ऑर्वो आली पूर्व जर्मनीतून. ‘ओरिजिनल वोल्फेन’ या शब्दांचं हे लघुरूप. वोल्फेनचा कारखाना मुळात आगफाचा. १९३६ मध्ये आगफाची रंगीत फिल्म तिथेच तयार झाली होती. महायुद्धानंतर कारखाना पूर्व जर्मनीत राहिला आणि १९६४ पासून त्याच्या मालावर ऑर्वो हे नाव आलं. पूर्व जर्मनीशी आपला व्यवहार रुपयांत होई, डॉलर मोजावे लागत नसत. म्हणजे जिला लोक ‘हलकी फिल्म’ म्हणत, तिच्या मागे जुनं, नामांकित घराणं होतं. तिच्या किमतीत दर्जाइतकाच चलनाचाही वाटा होता.

पश्चिमेतही वेगळं नव्हतं. इटलीतल्या फेरानिया कारखान्याची फिल्म निरनिराळ्या दुकानांच्या नावाने विकली जाई. फिल्मवर लेप चढवण्याचं काम अवाढव्य यंत्रांचं आणि गडद अंधारातलं. वेष्टनं पुष्कळ, पण कारखाने मोजकेच.

मग स्वस्त फिल्मला नावं ठेवणारे सगळे चुकीचे होते का? तसंही नाही. एका खेपेचा लेप दुसरीसारखाच असेल, याची खात्री कमी असे. उकाड्यात, दमट हवेत पडून राहिलेला रोल धुरकट होई. काही छायाचित्रकार शंभर फुटांचा डबा आणून अंधारात स्वतःच रोल भरत. एका डब्यात छत्तीस फोटोंचे अठराएक रोल होत आणि बचत चांगली होई. पण जुन्याच डबीच्या तोंडाशी धूळ अडकली, की नवरदेवाच्या चेहऱ्यावरून सरळ रेघ जाई.

आणि निकाह काही पुन्हा लावता येत नाही.

आमच्या मोहल्ल्यात तर याहून नाजूक बाब होती. जुन्या वळणाच्या अनेक घरांत तसबीर लावणं धर्माला धरून नाही, असं मानत. माणूस आयुष्यात एकदाच कॅमेऱ्यासमोर बसे, तो हजच्या पासपोर्टसाठी. तो फोटो कमीत कमी पैशांत, म्हणून बहुधा स्वस्त फिल्मवर निघे. पुढे नातवंडांना आजोबांचा चेहरा ठाऊक झाला, तो तेवढ्यावरूनच. मे १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये भिवंडी दंगलीत जळाली. ज्या घराची राख झाली, त्याचा तो एकुलता फोटोही गेला. स्टुडिओच्या कपाटात निगेटिव्ह शिल्लक असेल, तरच चेहरा परत मिळण्याची आशा.

अशा निगेटिव्ह मी पुष्कळ पाहिल्या आहेत. ज्या खराब झाल्या, त्यांत फिल्मच्या हलकेपणापेक्षा धुण्यातला कंटाळा जास्त दिसतो. हायपो शिळा वापरला किंवा पाण्याची काटकसर केली, की काही वर्षांत पिवळे-तपकिरी डाग येतात. नीट धुतलेली कृष्णधवल फिल्म मात्र, स्वस्तातली असली तरी, टिकते, कारण तिच्यात चित्र धरून ठेवलेलं असतं ते चांदीने. पुढच्या काळातले महागडे रंगीत फोटो रंगद्रव्यांवर अवलंबून. लग्नाचे कितीतरी अल्बम आज उडालेल्या रंगांचे झाले आहेत.

उटीचा कारखाना १९९०च्या दशकात आजारी उद्योग ठरला. २०१४ मध्ये कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना मंजूर झाली आणि ‘इंदू’ मावळली. आता काही तरुण हौसेने पुन्हा रोल भरतात, झेक देशातल्या फोमासारखी स्वस्त फिल्म शोधतात आणि तोच जुना प्रश्न विचारतात. माझं उत्तर असं : शिकायला, सरावाला ती जरूर घ्या. एकदाच घडणाऱ्या प्रसंगाला त्याच खेपेतला एक रोल आधी वापरून पाहा. आणि बचत फिल्मवर करा, धुण्यावर नको.

एक विनंतीही आहे. बंद पडलेल्या स्टुडिओंतल्या निगेटिव्ह चांदीसाठी भंगारात जातात. तिथून निघणारी चांदी थोडीशीच. त्या गठ्ठ्यात कुणाच्या आजोबांचा एकुलता एक चेहरा असू शकतो. वजनावर घालण्याआधी एकदा उजेडासमोर धरून पाहा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)