लिमोने गावाची रक्ततपासणी

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला एक ताई रक्ताच्या तपासणीचा कागद घेऊन आली. त्यात एचडीएलच्या ओळीसमोर ३२ हा आकडा होता आणि त्याला ठळक खूण केलेली. "हे चांगलं कोलेस्ट्रॉल म्हणतात, आणि माझं तेच कमी निघालंय," म्हणताना तिचा आवाज कापत होता. जावेला हार्ट अटॅक येऊन वर्षही झालं नव्हतं. आम्ही तिला डॉक्टरांकडे परत पाठवलं, पण तो आकडा आमच्याही डोक्यात घोळत राहिला. म्हणून आज एका गावाची गोष्ट. तिथल्या एका घरात हाच आकडा ७ ते १४ इतका खाली निघाला होता.

हे गाव इटलीच्या उत्तरेला आहे. गार्दा नावाच्या मोठ्या तळ्याच्या पश्चिम काठावर, उभ्या कड्याच्या पायथ्याशी वसलेलं लिमोने. लिंबाच्या बागा, ऑलिव्हची झाडं आणि तळ्यातली मासळी, यावर पोट. थंडीत लिंबं करपू नयेत म्हणून दगडी खांबांवर फळ्या टाकून अख्खी बाग झाकायची, आणि ऊन आलं की पुन्हा उघडायची. काठाकाठानं जाणारा रस्ता १९३१ साली झाला. तोपर्यंत यायचं-जायचं ते होडीनं, नाहीतर डोंगरातल्या पायवाटेनं. मग सोयरीकही गावातल्या गावातच जुळायची.

आता थोडं रक्तातल्या चरबीबद्दल. आमटीवर तेलाचा तवंग तरंगतो, ते पाण्यात मिसळत नाही. रक्तही पाणीदारच. म्हणून शरीर चरबीची बारीक गाठोडी बांधतं, आणि ती बांधायला लागणारं फडकं प्रथिनाचं असतं. त्या प्रथिनाला अपोलिपोप्रोटीन म्हणतात. नाव लांबलचक आहे, आपण नुसतं 'अपो' म्हणू. अपो नुसतं बांधत नाही. गाठोडं कुठं उतरवायचं तो पत्ताही त्याच्यावरच असतो. अपो-बीची गाठोडी चरबी अंगभर पोचवतात. ती फार झाली की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून तिथंच अडकतात, आणि पुढे तिथं गाठ धरते. अपो-ए-वन उलट वाटेनं चालतं. भिंतीतलं साचलेलं कोलेस्ट्रॉल उचलून यकृताकडे परत नेतं. एचडीएल म्हणजे या परतीच्या गाठोड्यांमधलं कोलेस्ट्रॉल.

एचडीएल कमी असलं की हृदयविकार जास्त, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लांबलचक पाहणीतून १९७७ साली ठळकपणे पुढं आलं होतं. त्याच दशकात मिलान विद्यापीठातले डॉक्टर चेझारे सिर्तोरी आणि त्यांचे सहकारी एका कुटुंबाचं रक्त तपासत होते. बाप, मुलगा आणि मुलगी, तिघांचंही एचडीएल तळाला गेलेलं, वर दुसरी चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, वाढलेली. पुस्तकाप्रमाणे बापाच्या धमन्या तुंबायला हव्या होत्या. पण तिघांमध्येही तशी काही लक्षणं सापडेनात, घराण्यातही हृदयविकार फारसा नव्हता. १९८० साली त्यांनी हे छापलं. बिघडलेल्या अपोला नाव दिलं 'अपो-ए-वन मिलानो'. खरं तर ते कुटुंब मूळचं लिमोनेचं. नाव मात्र मोठ्या शहराचं लागलं, हे आपल्याला नवीन नाही.

मग डॉक्टर लिमोनेला गेले. हजारेक वस्तीचं गाव, आणि गावानं दंड पुढे केले. तीसहून जास्त माणसांच्या रक्तात तेच अपो सापडलं, त्यात लहान मुलं होती तशी म्हातारी माणसंही. एवढी माणसं एकमेकांची कोण? ते शोधायला चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या नोंदवह्या उघडल्या. सगळे धागे मागे मागे जात अठराव्या शतकातल्या एकाच जोडप्यापाशी थांबले.

इथं आम्ही जरा रेंगाळलो. ही खूण आईकडून येऊ शकते तशी बापाकडून, आणि प्रत्येक लेकराला मिळण्याची शक्यता निम्मी, मग ती लेक असो की लेक लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली असो. त्या वह्यांत बापाबरोबर आईचंही नाव असायचं, म्हणून माग लागला. आपल्याकडे हेळवी दारात येऊन पिढ्यांची नावं घडाघडा म्हणतो. त्यात लेकीबाळींची नावं किती असतात, ते पुढच्या वेळी कान देऊन ऐका.

बिघाड तरी केवढा? अपो-ए-वन ही २४३ मण्यांची माळ आहे. लिमोनेच्या माळेत १७३वा मणी बदललेला, एवढंच. १९८३ साली ते कळलं. त्या नव्या मण्यामुळे दोन माळा एकमेकींत अडकून जोडी होते, आणि हे अपो रक्तातून लवकर निघून जातं. म्हणून कागदावर आकडा कमी. गाठोडी थोडी, पण काम चोख करत असावीत, असा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला.

त्यातून औषधाची आशा धरली गेली. तसंच अपो प्रयोगशाळेत बनवून अमेरिकेत ४७ हृदयरुग्णांवर चाचणी झाली. काहींना औषध, काहींना नुसतं सलाईन, आठवड्याला एकदा अशी पाच वेळा. २००३ साली निकाल आला. औषध मिळालेल्यांच्या धमनीतली गाठ सुमारे चार टक्क्यांनी आटली होती. पाच आठवड्यांत एवढं पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. एका बड्या औषध कंपनीनं ती छोटी कंपनी १३० कोटी डॉलर मोजून विकत घेतली. पण पुढच्या चाचणीत, नेहमीच्या कोलेस्ट्रॉलच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांना या औषधानं जास्तीचा फायदा दिसला नाही, आणि २०१६ साली काम थांबलं. गावानं इतकी वर्षं रक्त दिलं, त्याचं औषध अजून दुकानात आलेलं नाही.

म्हणून ३२ आकडा आला तर हसून सोडायचा का? मुळीच नाही. लिमोनेचा मणी आपल्या रक्तात नाही. आपल्याकडे हा आकडा बहुतेक वेळा साखर, पोटाचा घेर आणि बैठं काम यांच्या जोडीनं खाली येतो. ५२ देशांतली 'इंटरहार्ट' पाहणी २००४ साली छापली गेली, त्यात भारतही होता. त्यात पहिल्या हार्ट अटॅकचा धोका ठरवताना अपो-बी आणि अपो-ए-वन यांचं एकमेकांशी प्रमाण आणि धूम्रपान ही दोन कारणं सगळ्यांत वर निघाली. आपल्या दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका मध्यमानानं ५३व्या वर्षी आला, इतरांना ५९व्या.

ताई डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी साखर आणि बीपी तपासलं, मिश्री सोड म्हणाले. तिनं आमच्याकडून ऐकलेलं अपो-बीचं नाव धीर करून घेतलं, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं आणि ती तपासणीही लिहून दिली. कागद शुक्रवारी मिळणार आहे.